निळी गोळी चालू आहे, तरी आठवी ते दहावीच्या मुली दमलेल्याच का?

परिपाठ (प्रश्न)

मराठवाड्यातली ग्रामीण शाळा, पाचवी ते दहावी, वेळ साडेदहा ते पाच. मुली १४०, त्यांतल्या आठवी ते दहावीच्या ७२. दर सोमवारी परिपाठ संपला की रांगेतच लोह आणि फॉलिक ॲसिडची निळी गोळी दिली जाते. रजिस्टरवर शंभर टक्के खुणा. खिडकीखालच्या मातीत मात्र निळे डाग. मुली म्हणतात मळमळतं, पोटात कळ येते, शौचाला काळं होतं. काही पालक येऊन सांगून गेले, ‘आमच्या पोरीला देऊ नका.’

तक्रारी ठरलेल्या. परिपाठाला उभं असताना डोळ्यांपुढे अंधारी, तिसऱ्या-चौथ्या तासाला डोकेदुखी, जेवणाच्या सुट्टीनंतर बाकावर डोकं. काहींना लघवीला जळजळ. आरोग्य पथकाच्या तपासणीत अर्ध्याअधिक मुलींचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली निघालं. दसरा-दिवाळीच्या सुमारास पुष्कळ घरांतली माणसं ऊसतोडीला जातात. मुली आजी-आजोबांजवळ राहतात आणि घरचं सगळं त्याच बघतात. मुलींची शौचालयं कागदावर सहा, चालू दोन.

‘लोहयुक्त आहार घ्या’ हा तक्ता भिंतीवर आहेच, त्यामुळे तो सल्ला नको. वेळापत्रकात, पोषण आहाराच्या स्वयंपाकघरात आणि पालकसभेत नेमकं काय बदललं की फरक पडतो, आणि किती दिवसांत पडतो, ते जाणकारांनी सांगावं.

---

फिरतं_पथक

मॅडम, आधी गोळीची वेळ बदला. साडेदहाला रांगेत उभ्या असलेल्या निम्म्या मुलींच्या पोटात सकाळचा चहा आणि खारी एवढंच असतं, काहींच्या तेही नसतं. त्यावर ६० मिलिग्रॅम लोह पडलं की मळमळणारच. आणि चहातले टॅनिन लोहाला धरून ठेवतात, त्यामुळे पोटात गेलेलं लोहही फारसं रक्तात पोचत नाही. म्हणजे त्रास होतो आणि उपयोगही होत नाही.

असं करा. दुपारचं जेवण झालं की पुढच्या तासाला, वर्गात, बाकावर बसवून गोळी द्या. प्रत्येकीच्या हातात पाण्याची बाटली हवी. वर्गशिक्षकांनी आधी स्वतः समोर गोळी घ्यायची. आठवड्याच्या लोहगोळीच्या सरकारी योजनेच्या सूचनांतही हे आहे आणि घरच्यांच्या शंकेला त्याहून चांगलं उत्तर नाही. गोळी चावायची नाही, अख्खी गिळायची. वरचं साखरेचं आवरण फुटलं की तोंडात धातूची चव येते आणि पुढच्या सोमवारी ती मुलगी गोळी मुठीतच ठेवते. रंग उडालेल्या, एकमेकींना चिकटलेल्या गोळ्या वाटू नका. डबा टेबलाच्या खणात ठेवा. खिडकीत ऊन लागतं.

मैदानात सगळ्यांना एकदम देऊ नका, यालाही कारण आहे. एकीला उलटी झाली की ती बघून दहा जणींचं पोट ढवळतं, पालक धावत येतात आणि योजना महिनाभर बंद पडते. वर्गवार दिलं की हे आवरता येतं. शौच काळं होणं म्हणजे न शोषलेलं लोह बाहेर पडणं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पहिली गोळी देण्याआधी सांगितलंत तर ती माहिती ठरते, तक्रार आल्यावर सांगितलंत तर सारवासारव वाटते.

श्रावणाचं विसरू नका. श्रावणी सोमवारी बऱ्याच मुलींचा उपास असतो, काही शाळा अर्ध्या दिवसाच्या असतात. त्या महिन्यापुरती गोळी मंगळवारी द्या. सोमवारी गैरहजर असलेलीला ती आली त्या दिवशी द्यायची, पण पुढच्या सोमवारी दोन एकदम नाहीत.

आता मुख्य मुद्दा. आठवड्याला एक गोळी ही प्रतिबंधासाठी असते. ज्या मुलीचं हिमोग्लोबिन आधीच ९ आहे तिला त्या गोळीने वर आणता येत नाही. पथकाच्या यादीवरून तीन गट पाडा. या वयाच्या मुलींत ११ ते ११.९ म्हणजे सौम्य, ८ ते १०.९ म्हणजे मध्यम, ८ च्या खाली तीव्र. ‘ॲनिमिया मुक्त भारत’ या सरकारी कार्यक्रमाच्या पद्धतीनुसार सौम्य आणि मध्यम गटाला रोज दोन निळ्या गोळ्या, तीन महिने. हे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी लिहून द्यायचं असतं, शाळेने परस्पर सुरू करायचं नसतं. महिन्याने पुन्हा तपासणी. महिनाभरात निदान १ ग्रॅम वाढ दिसायला हवी. नाही दिसली तर एकतर गोळ्या पोटात जात नाहीत किंवा कारण दुसरं आहे, आणि मग ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालय. ८ च्या खालची मुलगी थेट तिकडेच पाठवायची. ५ च्या खाली असेल तर त्याच दिवशी दाखल.

‘किती दिवसांत’ याचं उत्तर त्यातच आलं: रोजच्या उपचारात पहिला फरक महिन्याने दिसतो, आणि शरीरातला लोहाचा साठा भरायला तीन महिने. बहुतेक ठिकाणी यादी येते, फायलीत लागते आणि ९ वाल्या मुलीलाही सोमवारचीच गोळी चालू राहते. तुमच्याकडे हेच होत असावं.

जंताच्या गोळीचं थोडक्यात: अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅम, वर्षातून दोनदा, फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये. ही मात्र चावून खायची. ऊसतोडीला गेलेल्या मुलींची फेब्रुवारीची हमखास चुकते, परतल्यावर आरोग्य केंद्रातून मागून घ्या.

सिकलसेल किंवा थॅलेसेमिया असलेल्या, वारंवार रक्त चढवावं लागणाऱ्या मुलीला डॉक्टरांना विचारल्याशिवाय लोह देऊ नका. विदर्भ, नंदुरबार, किनवटचा पट्टा इथे हा प्रश्न आधी विचारायचा.

---

टक्केवारी

आरोग्य पथकाने दिलेल्या आकड्यावर दोन शब्द. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ ते १९ वयाच्या मुलींत रक्तक्षयाचं प्रमाण देशात ५९.१ टक्के आणि महाराष्ट्रात ५७.२ टक्के निघालं. म्हणजे तुमच्या शाळेचा आकडा वेगळा नाही. पण ते बोट टोचून घेतलेलं रक्त होतं. २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात शिरेतून रक्त घेतलं, तिथे १० ते १९ वयाच्या मुलींत हेच प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास आलं. वयोगट वेगळा आहे हे मान्य, पण एवढी तफावत नुसत्या वयाने येत नाही.

बोट टोचताना काय चुकतं? थंड हात. बोट पिळणं. पिळलं की रक्तात ऊतींचं पाणी मिसळतं आणि आकडा खाली येतो. पहिला थेंब पुसून टाकायचा, दुसरा आपोआप मोठा होऊ द्यायचा, मधल्या किंवा अनामिकेच्या कडेला टोचायचं, पेराच्या मध्यावर नाही. तपासणीच्या पट्ट्यांची डबी उघडी राहिली की दमटपणाने आकडे भरकटतात. शंभर मुलींची रांग आणि दोन तास वेळ असेल तर यातलं काय काय पाळलं जातं हे सांगायला नको. म्हणून सीमेवरच्या मुलींची (११.५ ते १२.५) फेरतपासणी मागा. यादीतली ७-८ वाली मात्र खरीच आजारी समजून चाला.

दुसरं, त्याच पोषण सर्वेक्षणात किशोरवयीन रक्तक्षयामागे लोहाबरोबर फोलेट आणि बी-१२ ची कमतरताही मोठ्या प्रमाणात सापडली होती. निळ्या गोळीत बी-१२ नसतं. दूध, दही, ताक, अंडी, मासे यांतलं काहीच ताटात नसेल तर गोळी नियमित घेऊनही आकडा हलत नाही. अशा वेळी मुलीवर ‘तू गोळी टाकून देतेस’ असा आरोप करण्याआधी हे तपासा.

आणि मुलगे? त्याच पाचव्या फेरीत १५ ते १९ चे ३१.१ टक्के मुलगेही रक्तक्षयी होते. पंधरानंतर त्यांची सीमा १३ आहे. गोळी त्यांनाही आहे. फक्त त्यांच्याकडे कुणी बघत नाही.

---

पाटावरवंटा

ताटाबद्दल लिहिते. चौदा वर्षांच्या मुलीला दिवसाला ३० मिलिग्रॅम लोह लागतं असं राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये ठरवलं आहे. त्याच वयाच्या मुलाला २२. आता हिशेब करा. बाजरीच्या तीन मध्यम भाकऱ्या म्हणजे साधारण १८० ग्रॅम पीठ, त्यात ११-१२ मिलिग्रॅम. गव्हाच्या पोळ्यांवर आलेल्या घरात तेवढंही नाही. आणि ‘गूळ-शेंगदाणे खा, रक्त वाढतं’ हे जे आपण सगळे सांगतो, त्यात दम नाही. १०० ग्रॅम गुळातसुद्धा ५ मिलिग्रॅमच्या आत लोह असतं. मुलगी खाते दहा ग्रॅमचा खडा. शेंगदाणे खावेत, पण भूक आणि प्रथिनांसाठी.

वनस्पतींमधलं लोह दहा टक्क्यांच्या आतच शोषलं जातं. म्हणून किती खाल्लं यापेक्षा कशाबरोबर खाल्लं हे महत्त्वाचं. जेवणाबरोबर क जीवनसत्त्व हवं आणि चहा नको. पेरूची एक चांगली फोड पुरते. हिवाळ्यात आवळा. लिंबू परवडत असेल तर ताटात वाढल्यावर पिळायचं. पातेल्यात पिळून उकळलं की क जीवनसत्त्व जातं, राहते नुसती आंबट चव. चहा जेवणाच्या आधी-नंतर तासभर लांब. एवढा एकच बदल पालकसभेत पटवता आला तरी खूप झालं, कारण त्याला पैसे लागत नाहीत.

शाळेच्या स्वयंपाकघरात बघायच्या गोष्टी. सहावी ते आठवीला प्रत्येकी १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, ७५ ग्रॅम भाजी आणि ७.५ ग्रॅम तेल असं प्रमाण आहे. त्यातून ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत. शंभर ताटं असतील तर भाजी साडेसात किलो! ती वजन करून बघा. बहुतेक ठिकाणी तांदळाचं वजन होतं, भाजीचं ‘अंदाजे’. खिचडी पिवळीधमक दिसते, चमचा फिरवला तर बटाट्याच्या चार फोडी आणि कोथिंबीर. डाळही वर तरंगत असेल तर ती ३० ग्रॅम नाही. मटकी, हरभरा असेल त्या दिवशी रात्री भिजवून मोड आणून करा: लोहाला अडवणारं फायटेट कमी होतं आणि थोडं क जीवनसत्त्वही येतं. स्वयंपाकी ताईंना आदल्या दिवशी दुपारी कडधान्य मोजून हातात द्यावं लागतं. सकाळी दिलं तर मोड कुठून येणार? अंड्याचा सरकारी निधी जानेवारी २०२५ मध्ये थांबला, तेव्हा अंडं किंवा केळं द्यायचं तर लोकवर्गणी किंवा तिथी भोजन हाच मार्ग. कुणाचा वाढदिवस, कुणाचं श्राद्ध. गावात पेढ्यांऐवजी अंडी-केळी द्यायला माणसं तयार होतात, फक्त शाळेने तारखांची वही ठेवायला हवी. परसबाग असेल तर शोभेची झाडं काढून शेवगा, चवळी, राजगिरा, पेरू लावा.

तुमच्या शाळेतली खरी फट वेगळीच आहे. पोषण आहार आठवीपर्यंत. त्याच इमारतीतल्या नववी-दहावीच्या मुलींना ताट नाही, आणि नेमकं तेच वय पाळी सुरू होऊन स्थिरावण्याचं. डबा आणत असतील तर काय आणतात ते एक आठवडा नुसतं बघा, नोंद करा, कुणाला बोलू नका. कोरडी पोळी आणि लोणचं, किंवा डबाच नाही, हे दोन प्रकार जास्त दिसतील. ज्या मुलीकडे डबा नाही ती ‘भूक नाही’ म्हणते. सोमवारी ज्यांच्या पोटात काही नाही त्यांना गोळी देण्याआधी मूठभर फुटाणे तरी हातावर ठेवा.

घरची गोष्ट शेवटी, पण वजनाने पहिली. मुलगी आईबरोबर सगळ्यांच्या मागून जेवते. तोवर भाजीच्या कढईत तेल आणि मसाला उरलेला. मोठ्या भावाला दूध, हिला चहा. आई इथे वाईट नसते, ती स्वतःही तसंच जेवते. त्यामुळे सभेत ‘मुलींना सकस आहार द्या’ म्हणून उपयोग नाही. ‘पोरीचं ताट पोरांबरोबरच वाढा’ एवढं ठोस वाक्य सांगा. सकाळी स्वयंपाक व्हायच्या आधी शाळेची घाई असते, तेव्हा रात्रीची भाकरी ताकात कुस्करून, नाहीतर कांदा घालून फोडणीला टाकून. पाच मिनिटांत होते आणि खारीपेक्षा दहापट बरी. लोखंडी कढई माळ्यावर असेल तर खाली काढा. आंबट आमटी, टोमॅटोची भाजी त्यात केली की लोह उतरतं. फक्त करून झाल्यावर भाजी दुसऱ्या भांड्यात काढा, नाहीतर काळी पडते आणि घरातले खात नाहीत.

मांसाहारी घरांत सुकट, जवळा, कलेजी यांतलं लोह भाजीपेक्षा कितीतरी चांगलं शोषलं जातं. आठवड्यातून एकदा झालं तर मुलीच्या वाट्याला येतं का, तेवढं विचारा.

---

नळकोंडाळं

लघवीच्या जळजळीचं उत्तर शौचालयात आहे. मुली पाणी पीत नाहीत, कारण प्यायल्या तर जावं लागेल. साडेनऊला घर सोडलेली मुलगी साडेपाचला परत. मध्ये आठ तास. उन्हाळ्यात यातूनच डोकेदुखी, अंधारी आणि मूत्रमार्गाचा संसर्ग. दोष सगळा रक्तावर ढकलू नका.

गणित करू. दोन चालू खोल्या. बादली भरून आत जाणं, कपडे सावरणं, पाणी टाकणं: एका मुलीला दोन मिनिटं. दहा मिनिटांच्या छोट्या सुट्टीत दोन खोल्यांत मिळून दहा मुली. चाळीस मिनिटांच्या मोठ्या सुट्टीत चाळीस, तेही एकीनेही जेवायचं नाही असं धरून. मुली १४०. उरलेल्या नव्वद जणी कुठे जातात? कुठेच नाही.

‘स्वच्छ विद्यालय’ या सरकारी मोहिमेचा निकष ४० विद्यार्थ्यांमागे एक संच: एक शौचकूप आणि तीन मुताऱ्या. तुमच्या १४० मुलींना चार संच, म्हणजे सोळा जागा हव्यात. सोळा शौचकूप बांधायला जाऊ नका. रांग तुटते ती मुताऱ्यांनी. भिंतीलगत उतार दिलेली फरशी, मध्ये खांद्याएवढ्या उंचीच्या आडभिंती, पुढे आडोसा, टोकाला नळ, सांडपाणी शोषखड्ड्यात. मुतारीचं पाणी सेप्टिक टाकीत सोडू नका, टाकी लवकर भरते आणि मग सगळंच बंद पडतं.

बंद चार खोल्या उघडून बघितल्या तर बहुधा तीन कारणं निघतील. पाण्याची टाकी वर आहे पण मोटारीची जोडणी नाही. आतली कडी तुटली आहे. भांड्यात दगड-पिशव्या टाकून चोक केलंय. कडी पन्नास-शंभर रुपयांची वस्तू, पण कडी नसलेल्या खोलीत आठवीची मुलगी जात नाही, मैत्रिणीला दाराशी उभं करून जाते. म्हणजे वेळ दुप्पट. पाळीच्या दिवसांसाठी निदान एका खोलीत खुंटी, झाकणाचा डबा आणि नळ आतच हवा. डबा कोण आणि कधी रिकामा करणार हे आधी ठरवा, नाहीतर पंधरा दिवसांत ती खोलीही बंद.

पैसा. सरकारी शाळा असेल तर समग्र शिक्षाचं संयुक्त अनुदान पटावर ठरतं: १०० च्या वर ते २५० पर्यंत वर्षाला ५०,००० रुपये, २५० च्या वर १,००० पर्यंत ७५,०००, त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्चायचे असतात. बांधकामासाठी ग्रामपंचायतीकडे वित्त आयोगाचा बंधित निधी असतो, तो पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करता येतो. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, फोटो आणि वरचं दहा-चाळीसचं गणित जोडून ग्रामसभेत द्या. ‘शौचालय दुरुस्त करावे’ या एका ओळीच्या अर्जाला वजन नसतं.

पाणी प्यायची आठवण देणारी घंटा अनेक शाळांनी सुरू केली आहे, केरळमध्ये २०१९ पासून. चांगली गोष्ट, पण शौचालय नीट झाल्यावर. आधी घंटा वाजवलीत तर मुली बाटली तोंडाला लावून घोट घेतल्यासारखं करतील. तासाच्या मध्ये जायला मागितलं तर नाही म्हणायचं नाही, हा नियम मात्र आजपासून लावता येतो. जळजळीबरोबर ताप किंवा कमरेत दुखत असेल तर पाणी पाजत बसू नका, त्याच दिवशी आरोग्य केंद्रात लघवी तपासून घ्या.

---

परिपाठ

सगळ्यांचे आभार. जेवणानंतर गोळी आणि तीन गट हे या आठवड्यातच करता येईल. दहा-चाळीसचं गणित ग्रामसभेत मांडते.

एक राहिलं. काही मुलींचं हिमोग्लोबिन १२ च्या वर आहे, डबा बरा असतो, तरी त्या दिवसभर पेंगतात, चिडतात, गणिताला रडू येतं. घरी विचारलं तर ‘मोबाईल बघते’ एवढंच उत्तर. हे कसं ओळखायचं?

---

हजेरीपट

मॅडम, मुलीला विचारण्याआधी हजेरीपट वाचा. सहा महिन्यांचा पट पुढ्यात घ्या आणि गैरहजेरीचे वार, तारखा बघा. दर महिन्याला लागून दोन-चार दिवस गायब: पाळी. घरात कपडा-पॅड नाही, शाळेत बदलायला जागा नाही, किंवा रक्तस्राव जास्त आहे. सात दिवसांहून जास्त चालतं का, दोन तासांच्या आत बदलावं लागतं का, हे शिक्षिकेने विचारायचं. होकार आला तर डॉक्टर. अशा मुलीचं रक्त कितीही गोळ्या दिल्या तरी टिकत नाही. आठवडी बाजाराच्या दिवशी गैरहजर: धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी ठेवतात. नोव्हेंबर ते मार्च सलग: ऊसतोडीच्या फडावर गेली. परीक्षेच्या किंवा एकाच विषयाच्या दिवशी: भीती, आणि कधी कधी त्या तासाला वर्गात काय होतं ते बघायला हवं.

पेंगण्याबद्दल. या वयात ८ ते १० तास झोप लागते, आणि वयात येताना मेंदूचं घड्याळच पुढे सरकतं. झोप येण्याची वेळ दोन तासांपर्यंत लांबते. दहाला ‘झोप’ म्हटलं तरी डोळा लागत नाही, त्यात आळस नसतो. महाराष्ट्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये शाळा नऊच्या आधी भरवू नका असं सांगितलं ते चौथीपर्यंतच्या वर्गांसाठी. ज्यांना उशिराची शाळा सगळ्यात जास्त लागते ते आठवी-नववीवाले त्यात नाहीत, आणि मार्चपासून सकाळची शाळा लागली की तुमच्याकडच्या मुली साडेचारला उठून पाणी-भाकरी करून येणार. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ पासून या वयाची शाळा साडेआठच्या आधी नको म्हटलं आहे. ऊन बघता आपल्याकडे ते अवघड आहे. पण सकाळच्या शाळेत पहिले दोन तास गणित-इंग्रजी न ठेवणं आपल्या हातात आहे.

‘मोबाईल बघते’ हे घरचं सोयीचं उत्तर. बघत असेलही. पण रात्री किती वाजता? घरातला एकच फोन दहानंतर वडिलांच्या हातून सुटतो आणि तेव्हाच तिचा ऑनलाइन गृहपाठ सुरू होतो, असं असेल तर फोनला दोष देण्याआधी शाळेने व्हॉट्सॲपवर गृहपाठ टाकणं बंद करावं. उठल्यापासून झोपेपर्यंतचा दिवस तिलाच एका कागदावर तासांत मांडायला लावा, सगळ्या वर्गाला एकदम, नाव न घालता. मुलांचे कागद आणि मुलींचे कागद शेजारी ठेवले की पालकसभेत बोलायला वेगळं भाषण लागत नाही.

आता नाजूक भाग. दोन आठवड्यांहून जास्त काळ उदास, खाणं-झोप बदललेली, मैत्रिणी तुटलेल्या, आवडीच्या गोष्टीत मन नाही, हातावर ओरखडे: हे रक्तक्षयाचं काम नाही. ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयातलं ‘मैत्री क्लिनिक’ किशोरवयीनांसाठीच असतं, तिथले समुपदेशक गाठा. ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे, तो शौचालयाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा, कार्यालयाच्या फलकासमोर उभं राहून कोणी उतरवून घेत नाही. मरण्याबद्दल बोलली तर त्या दिवशी तिला एकटी घरी सोडायची नाही.

बोलायला बसवताना स्टाफरूममध्ये नको, दार बंद करूनही नको. व्हरांड्याच्या टोकाला, दिसेल पण ऐकू येणार नाही अशा ठिकाणी. ‘काय झालं?’ ला ‘काही नाही’ हेच उत्तर येतं. ‘काल रात्री जेवायला काय होतं, कोण कोण होतं घरी?’ असं विचारा. घर कसं चाललंय ते त्यातून आपोआप येतं. ‘कुणालाही सांगणार नाही’ असं वचन मात्र देऊ नका. लैंगिक अत्याचाराचं काही कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि ते लपवणारा शिक्षकही गुन्हेगार ठरतो. ‘तुझ्या जिवाला धोका असेल तर मला मदत घ्यावी लागेल, बाकी माझ्याजवळ राहील’ एवढं आधीच सांगा. शाळेत मुलींच्या सुरक्षेसाठी सखी सावित्री समिती असायला हवी, मार्च २०२२ चा शासन निर्णय आहे. ती फक्त फलकावर असेल तर बैठक लावून घ्या.

ऊसतोडीच्या गावात अजून एक बघा. नववीतली मुलगी अचानक गप्प झाली, हातात नव्या बांगड्या आल्या, घरचे दाखला मागायला आले, की लग्नाची बोलणी चालू असतात. एकट्या मुलीला मागे ठेवून सहा महिने जायची भीती आईबापांना खरीच असते, आणि लग्न त्यांना सुरक्षिततेचा मार्ग वाटतो. त्यामुळे नुसता कायदा दाखवून भागत नाही. ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलांसाठीच्या हंगामी वसतिगृहात जागा मिळते का ते ऑगस्टमध्येच विचारायला लागा, दसऱ्याला उशीर झालेला असतो. तारीख ठरली असेल तर चाइल्डलाइनच्या १०९८ ला फोन. गावात ग्रामसेवकच (आताचा ग्रामपंचायत अधिकारी) बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, त्यालाही लेखी द्या.

---

फिरतं_पथक

वसतिगृहाचा विषय निघाला म्हणून पुरवणी. फडावर जाणाऱ्या मुलींना आणि मे महिन्याच्या सुट्टीत सगळ्यांनाच गोळ्या घरी द्याव्या लागतात. सुट्टीचे जितके आठवडे तितक्याच द्या, आईच्या किंवा आजीच्या हातात द्या, आणि कार्डावर सोमवारच्या तारखा लिहून द्या म्हणजे घेतली की खूण करता येते. उपचाराच्या, म्हणजे रोजच्या दोन गोळ्या चालू असतील तर एका वेळी पंधरा दिवसांच्याच.

त्याच वेळी एक गोष्ट ठासून सांगा. गोळी रंगीत आणि गोड असते, आणि कोपीत (फडावरच्या झोपडीत) किंवा घरात रांगतं-चालतं पोर असतंच. दहा किलोच्या मुलाने चार गोळ्या खाल्ल्या तर २४० मिलिग्रॅम लोह पोटात जातं. किलोला २४ मिलिग्रॅम म्हणजे विषबाधेची लक्षणं सुरू होण्याइतकं. दहा गोळ्या जिवावर बेततात. पहिले काही तास उलट्या होऊन मूल मध्येच बरं वाटतं, आणि तिथेच लोक फसतात. गोळी खाल्ल्याचा संशय आला तरी लगेच दवाखाना, सोबत रिकामी पट्टी न्यायची. गोळ्या घट्ट झाकणाच्या डब्यात, पोराचा हात पुरणार नाही अशा उंचीवर. उशाखाली आणि दप्तरात नाहीत.